घोडा, स्वार आणि मोडीचा भाव

अकोला असो वा अमरावती, जुने पितळ मोडीत घालण्याची रीत एकच. तराजूच्या पारड्यात तांब्या, समई, चेपलेले घंगाळ आणि कधीकधी देवघरातून काढलेली एखादी झिजलेली मूर्ती, सगळे एकत्र पडते. वजन होते, मोडीचा भाव लागतो आणि तेवढ्या रकमेत नवे भांडे किंवा नवा देव घरी येतो. त्या पारड्यात घोड्यावर बसलेला शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा खंडोबा असला, तरी भाव तोच राहतो.

एकोणिसाव्या शतकातील अश्वारूढ धातुशिल्प म्हटले की खंडोबा कोणाला आठवत नाही. आठवतो तो चौथरा, त्यावरचा भव्य घोडा आणि लगाम धरून बसलेला कोणी राजा किंवा सेनापती. महाराष्ट्रात या जातीचे सर्वांत प्रसिद्ध शिल्प म्हणजे मुंबईचा काळा घोडा. १८७५ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, मुंबईत उतरला. त्या भेटीची आठवण म्हणून सर अल्बर्ट ससून यांनी त्याचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा शहराला भेट दिला. तो घडवला व्हिएन्नात जन्मलेल्या आणि लंडनमध्ये नाव कमावलेल्या जोसेफ एडगर बोम या शिल्पकाराने. १८७९ मध्ये तो उभा राहिला. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल हे त्याआधी नागपुरास मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते, हा योगायोग वैदर्भीयांनी लक्षात ठेवण्यासारखा.

पण वऱ्हाडाचा या घोड्याशी संबंध एवढाच नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. अमरावती, अकोला आणि खामगाव या बाजारांचे गाठोडे त्याच बंदरात जाऊन पडत होते. १८७० मध्ये खामगावचा लोहमार्ग खुला करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला, यावरून त्या कापसाचे वजन कळावे. ससून घराणे अफूप्रमाणेच कापसाच्याही व्यापारात होते. कुलाब्याची ससून गोदी १८७५ ची. अमुक गाठीच्या नफ्यातून घोड्याचा अमुक पाय ओतला गेला, असे कोणी म्हणू नये. मात्र ज्या श्रीमंतीने मुंबईच्या चौकात पुतळे उभे केले, तिच्या मुळाशी वऱ्हाडची काळी माती होती, एवढे नि:शंक म्हणता येते.

लोकांनी स्वाराचे नाव घेतले नाही. चौकाला घोड्याचे नाव दिले. याच शहरातील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी डांबर फासले. घोड्यावरचा युवराज मुळातच काळा होता, त्याला कोणी काय फासणार! १९६५ मध्ये त्याला चौकातून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आले. लंडनमध्येही याआधी असेच घडले होते. हाइड पार्क कोपऱ्यावरचा वेलिंग्टनचा सुमारे ४० टनांचा अवाढव्य अश्वारूढ पुतळा १८८० च्या दशकात ऑल्डरशॉटला रवाना झाला आणि त्याच्या जागेसाठी नवा वेलिंग्टन घडवला तो याच बोमने. मुंबईत मात्र रिकाम्या चौकाचे नाव पाच दशके तसेच टिकले आणि २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा आला, तो स्वाराविना.

असल्या सार्वजनिक पुतळ्याला बाजारभाव नसतो, कारण तो विकायला निघत नाही. निघालाच तर तांबे आणि कथिलाच्या वजनाने. बाजार असतो तो टेबलावर मावणाऱ्या ब्राँझचा, आणि त्या बाजाराचे नियम पॅरिसमध्ये ठरले. १८३० च्या दशकात अशील कोलास याने मोठ्या शिल्पाची हुबेहूब लहान प्रत करणारे यंत्र काढले. बार्बेदिएनच्या ओतशाळेशी त्याची भागीदारी झाली आणि शिल्प ही मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात ठेवण्याची वस्तू झाली. घोड्यांत प्येर-ज्यूल मेनचा हातखंडा होता, तर आंत्वान-लुई बारी हा सगळ्याच जनावरांचा राजा. बारी स्वतःच्या प्रती स्वतः ओतून घेई आणि हातात कानस घेऊन स्वतः तासत बसे. परिणामी कर्जात बुडाला, १८४८ मध्ये त्याचे दिवाळे वाजले आणि त्याचे साचे काही वर्षे धनकोच्या ताब्यात गेले. १८७५ मध्ये तो वारल्यावर अनेक साचे बार्बेदिएनने विकत घेतले आणि प्रती निघतच राहिल्या.

आज बारीच्या एकाच घोड्याच्या दोन प्रतींच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर पडते, ते याच इतिहासामुळे. घाट तोच आणि धातूही तोच, पण एक प्रत शिल्पकाराच्या डोळ्यांखाली तयार झालेली, दुसरी त्याच्या मृत्यूनंतरची. खरेदीदार सही पाहतो, ओतशाळेचा शिक्का पाहतो, आयाळीतल्या रेषा तीक्ष्ण आहेत की बुजल्या आहेत ते पाहतो. आणि सर्वांत आधी पाहतो धातूवरची जुनी झाक. तपकिरी, हिरवट किंवा काळसर असा तो थर शिल्पकाराने आम्लाने आणि उष्णतेने मुद्दाम चढवलेला असतो. कोणी तो घासून लख्ख केला, की शिल्पाची बरीचशी किंमत फडक्याला लागून जाते. जस्ताचे ओतकाम करून त्यावर ब्राँझचा रंग दिलेले घोडेही त्या काळी असंख्य निघाले. लूव्रमधील मार्लीच्या संगमरवरी घोड्यांच्या जोडीची नक्कल तर हौसेने शेल्फावर ठेवली जाई. अशा वस्तूच्या तळाशी हलकेच ओरखडा काढला की करडे-पांढरे जस्त उघडे पडते. अस्सल ब्राँझ असेल तर पिवळसर-तांबूस चमक दिसते.

आता याच कसोट्या देवघरातल्या खंडोबाला लावून पाहाव्यात. येथे टाक, म्हणजे पत्र्यावर ठोकलेला देव, अभिप्रेत नाही. भरीव ओतलेली मूर्ती अभिप्रेत आहे. बहुधा पितळेची, वीतभर उंचीची. हातात खड्ग, मागे किंवा पुढे म्हाळसा, घोड्याच्या पायांशी कुत्रा, खाली चिरडला जाणारा दैत्य. सही नाही, शिक्का नाही, ओतणाऱ्याचे नाव नाही. घोड्याचे पाय आखूड, मान फुगीर, स्वार घोड्याच्या मानाने फार मोठा. बोमच्या घोड्याशी तुलना करणारा याला अडाणी काम म्हणेल आणि चुकेल. बोमला घोड्याच्या कातडीखालचे स्नायू दाखवायचे होते. या कारागिराला देव दाखवायचा होता आणि घोडा हे त्याचे आसन होते. घोडा कसा असतो हे त्याला ठाऊक नसेल, असे मानायला जागा नाही. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठीच नावाजलेली आहे.

ओतण्याची रीतही निराळी. मेणाची मूर्ती करायची, तिला मातीचे लेपण द्यायचे, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ही कृती आलेली आहे. मूर्ती बाहेर काढताना माती फोडावी लागते, म्हणून एका लेपणातून एकच मूर्ती निघते. पॅरिसचा स्वाक्षरीचा घोडा शेकड्यांनी निघाला. मोडीत जाणारा खंडोबा मात्र जगात एकटाच असतो.

झाकेचा नियम तर येथे पूर्ण उलटा होतो. दसरा-चंपाषष्ठीला चिंच आणि राख लावून देव उजळवायचे, हा घरोघरचा आचार. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोटांनी खंडोबाचे नाक, डोळे, घोड्याचे कान गुळगुळीत होऊन जातात. बारीच्या शिल्पाचे असे झाले असते तर ते कवडीमोल ठरले असते. भारतीय धातुमूर्तींचे जाणकार संग्राहक मात्र ही झीज शोधत येतात, कारण मूर्ती खरोखर पूजेत होती याचा तोच पुरावा, आणि बनावट करणाऱ्याला ती साधणे कठीण. चेहरा पुसला म्हणून घरातून बाहेर निघालेला देव नेमका त्याच कारणासाठी संग्रहालयाच्या काचेआड जाऊन बसतो. घरच्यांना मिळते ते पितळेचे वजन.

कायद्याची बाजू बहुतेकांना माहीत नसते. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षे जुने धातुशिल्प हा पुरावशेष ठरतो. तो खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. शिल्पाची नोंदणी करून घ्यावी लागते. हा नियम देवघरातल्या पितळी खंडोबालाही लागू होतो आणि आजोबांनी मुंबईहून आणलेल्या फ्रेंच घोड्यालाही. नोंदणी झाली की छायाचित्र, माप आणि मालकाचे नाव सरकारदरबारी राहते. मोडीच्या पारड्यात पडलेल्या मूर्तीचे यातले काहीच उरत नाही. ती कोणत्या गावची, कोणाच्या कुळाची आणि किती पिढ्या पूजेत होती, हे सांगणारी घरातली शेवटची म्हातारी व्यक्ती अनेकदा मूर्तीच्या आधीच गेलेली असते, आणि मूर्ती भट्टीत वितळून समईच्या ठाणवईत मिसळून जाते.