मोंटूशी झालेला तह

सियालदह स्थानकासमोरचा हमरस्ता ओलांडून बैठकखाना बाजाराकडे वळले की कागदाच्या गठ्ठ्यांनी गजबजलेल्या ज्या गल्ल्या लागतात, त्यांतल्या एका जुन्या इमारतीत, यजमानांच्या बदलीमुळे, आमचे बिऱ्हाड आहे. 2023 च्या माघात खालच्या मजल्यावरच्या मासीमा मुलाकडे कायमच्या राहावयास निघाल्या आणि त्यांच्या दिवंगत पतीने 19 वर्षे जिवापाड सांभाळलेला मोंटू, त्याचा पिंजरा, त्याच्या खरेदीचे पिवळे पडलेले कागद आणि एक ताकीद एवढा ऐवज माझ्या स्वाधीन करून गेल्या. ताकीद अशी होती: ‘बौमा, ओके जोर कोरो ना.’ सूनबाई, त्याच्यावर जबरदस्ती करू नकोस. शब्द कळले, अर्थ कळावयास मात्र अंगठ्याच्या मुळाशी चार टाके पडावे लागले.

मोंटू आपल्याकडचा राघू नव्हे. तो ॲमेझॉन जातीचा, ब्राझील-पॅराग्वेकडच्या अरण्यांतला, निळ्या कपाळाचा, पिवळ्या गालांचा आणि भक्कम चोचीचा पोपट. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते. अशा परदेशी पक्ष्यांना मुभा आहे, परंतु 2024 च्या नियमांनी त्यांची सरकारदरबारी नोंद करणे बंधनकारक झाले, तेव्हा त्या पिवळ्या कागदांच्या आधारे तीही रीतसर करून घेतली. या जातीचे आयुष्य पन्नास वर्षांचे, क्वचित त्याहूनही अधिक असते, हे त्या वेळी वाचले आणि मनात आले, की याचे जेवढे आयुष्य सरले त्याहून अधिक अजून उरले आहे, आणि ते त्याने कोणाच्या तरी धास्तीत का काढावे?

कारण आरंभी मी त्याला धास्तीच दिली. पक्ष्याला प्रथमच धाक बसवावा, अशी मसलत ज्यांनी दिली त्यांचे ऐकून मी चामडी हातमोजे चढवले, टॉवेलात गुंडाळून त्याला बाहेर काढले, आणि तो चावला की पिंजऱ्यावर थाप मारून ओरडले. ह्यांच्यावर तर तो दिसताक्षणी झेप घेई. चावण्यापूर्वी तो प्रत्येक वेळी सांगत होता, हे मला तीन महिन्यांनी उमगले: नारिंगी डोळ्यांतली बुबुळे टिपक्याएवढी बारीक होत आणि लगेच पसरत, मानेवरची पिसे उभी राहत, शेपूट पंख्यासारखे उघडे, आणि अंग ताठ करून तो दांडीवर एकेक पाऊल टाकू लागे. इतका स्पष्ट इशारा देऊनही हात पुढे येतोच, असा अनुभव ज्याला वारंवार आला, त्याने इशारा सोडून थेट चोच वापरावी, यात त्याचा अपराध तो कोणता? टाके पडले त्या दिवशी तर त्याने इशारा दिलाच नव्हता. तो देण्याची सवय मीच मोडली होती.

मग हातमोजे टाकून दिले. पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून मी तीन हातांवर नुसती बसू लागले, आणि त्याने पिसे फुलवली की एक पाऊल मागे सरू लागले. सूर्यफुलाच्या बिया, ज्यांनी त्याची वाटी आजवर भरलेली असे व ज्यांच्या तेलकटपणाने तो जड झाला होता, त्या वाटीतून काढून केवळ बक्षिसासाठी राखल्या. वाटीत कोले मार्केटातून आणलेली मक्याची कणसे, भोपळा, डाळिंब आणि हिरव्या मिरच्या आल्या. (मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, मोंटू ती देठापासून सोलून, बी वेचून, अतिशय तन्मयतेने खातो.) गजांतून एक बांबूची काडी पुढे करावयाची, तिच्या टोकाला त्याने चोच लावली की जिभेने ‘टक्’ करून बी द्यावयाचे, एवढाच आमचा पाठ. काडीमागे तो दांडीवर चालू लागला, मग दारापर्यंत आला, मग दाराबाहेर. पाच मिनिटांहून अधिक काळ मी कधी घेतला नाही, आणि त्याने पाठ फिरवली की पाठ बरखास्त.

फाल्गुनात पुन्हा सारे बिघडले. कपाटाखालच्या अंधाऱ्या पोकळीवर त्याने आपला अंमल बसवला आणि त्या इलाख्यात शिरणाऱ्या प्रत्येक पायावर तो धावून जाऊ लागला. हा त्याच्या विणीचा काळ. घरट्यासारखी जागा मिळाली की या जातीचे नर फार आक्रमक होतात. पोकळी फळीने बंद केली, पाठीवरून हात फिरवणे सोडले, कारण जोडीदाराचाच तो स्पर्श त्याला वाटतो, आणि संध्याकाळी सहा वाजता पिंजऱ्यावर चादर घालून त्याला बारा तासांच्या रात्रीचा बंदोबस्त करून दिला. सियालदहच्या गाड्या काही थांबत नाहीत. पण त्यांचा त्याला सराव होता, झोपेचा नव्हता. चैत्र सरता सरता त्याचा ताठा उतरला. बिया आता हेही देऊ लागले, आणि झेप घेणे बंद झाले.

आषाढातल्या एका भर पावसाच्या दुपारी, माझ्या हातात काडी नसताना, तो दारातून उतरला, मेजावरून चालत आला, माझ्या मनगटाची चोचीने चाचपणी केली, पायरी पक्की आहे की नाही हे पाहावे तशी, आणि वर चढला. मी श्वास रोखून बसले. चहाची वेळ झाली होती. मोंटू घरात आल्यापासून शिट्टीपलीकडे काही बोलला नव्हता. तो त्या क्षणी एका वृद्ध, किंचित घोगऱ्या, मला अपरिचित अशा पुरुषी आवाजात म्हणाला, ‘की गो, चा होलो?’

चहा झाला का, असे तो विचारत होता. रात्री मी मासीमांना दूरध्वनी केला आणि ते शब्द, जमेल तसे त्याच स्वरात, त्यांना ऐकवले. पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग त्यांनी विचारले, ‘मिरची खातो ना गं तो, बौमा?’