दहा फुटाला दोन सूत

कला शाखेत प्रवेश घेतला म्हणजे गणिताशी आपला संबंध कायमचा संपला, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. बी.ए.चा अर्ज भरताना माझ्या एका मैत्रिणीने तर 'सुटले बाई एकदाची!' म्हणून निःश्वास टाकला होता. तेव्हा आपल्या वार्षिकात कुणी संख्यांविषयी लिहावे, आणि तेही इतिहास घेतलेल्या मुलीने, हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. पण माझा नाइलाज आहे. माझे वडील गवंडी आहेत, आजोबाही गवंडीच होते. आमच्या घरी रात्री भाकरी खाताना जे बोलणे चालते ते फूट, इंच आणि सूत यांचेच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पण अपूर्णांक मात्र मला वारशानेच मिळाले.

आजोबा चार यत्ता शिकले होते. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सारे पाढे तोंडपाठ होते. औट म्हणजे साडेतीन. साताची औटकी विचारली की पापणी लवायच्या आत 'साडेचोवीस' हे उत्तर येई. बाजारातले धान्य, मजुरी, विटांची गाडी, सगळा संसार या पाढ्यांत बसत असे. शाळेत गेल्यावर मला कळले की आजोबांच्या या संख्यांना पुस्तकात 'परिमेय संख्या' म्हणतात. परिमेय म्हणजे जिचे माप घेता येते ती. वर एक पूर्ण संख्या, खाली शून्य सोडून दुसरी एक पूर्ण संख्या, मध्ये रेघ. एवढ्यात जी मावते ती परिमेय. पाव, पाऊण, साडेतीन, उणे सात, एवढेच काय पण शून्यसुद्धा याच घरातले.

त्यांची ओळख पटवायची खूणही सोपी आहे. अपूर्णांकाचा भागाकार करीत गेले की दोनच गोष्टी घडतात. एक तर भागाकार कुठेतरी संपतो. तीन अष्टमांश म्हणजे ०.३७५, झाले. किंवा तो संपत नाही, पण तेच ते अंक पुन्हा पुन्हा येऊ लागतात. एक सप्तमांश करून पाहा: ०.१४२८५७, आणि पुन्हा १४२८५७. याला कारण आहे. साताने भागताना बाकी उरली तर ती एक ते सहा यांपैकीच उरणार. सहा घरे संपली की सातव्या वेळी जुन्याच घरी यावे लागते, आणि एकदा जुनी बाकी आली की पुढचा सारा प्रवास जुन्याच वाटेने. म्हणून परिमेय संख्या एक तर थांबते, नाही तर फेर धरते.

नववीच्या पुस्तकात मात्र एक निराळीच जात भेटली. अपरिमेय संख्या. तिचे दशांश थांबत नाहीत आणि फेरही धरीत नाहीत. २ चे वर्गमूळ हे तिचे पहिले उदाहरण. अशा मुळांना पुस्तकाने 'करणी' हे नाव दिले होते. वर्गात हा शब्द उच्चारताच मागच्या बाकांवर हशा पिकला, कारण गावात करणी म्हणजे लिंबू-मिरची आणि बाहुली. मी हसले नाही. आमच्या घरात करणी म्हणजे अण्णांचे हत्यार, सिमेंट थापायचे. एक करणी भीतीची, एक पोटाची, आणि ही तिसरी फळ्यावरची. ती तिसरी आमच्या पोटाच्या करणीला कधी उपयोगी पडेल असे मात्र तेव्हा वाटले नव्हते.

ती वेळ दहावीच्या परीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात आली. अण्णांनी एका घरमालकाची दहा फूट बाय दहा फुटांची खोली बांधून पुरी केली होती. शेवटची बाकी यायची होती, आणि माझ्या अकरावीच्या प्रवेशाचे पैसे त्याच बाकीतून द्यायचे होते. मी डबा घेऊन गेले तेव्हा मालक टेप घेऊन खोलीचे तिरके माप घेत होते. त्यांनी कुणाकडून तरी गवंड्यांचा नियम ऐकला होता: चौरसाची बाजू जितके फूट, तितके सतरा इंच त्याचा कर्ण. म्हणजे दहा फुटांना एकशे सत्तर इंच, चौदा फूट दोन इंच. टेप मात्र चौदा फूट एक इंच आणि साडेपाच सूत दाखवीत होता. दोन-अडीच सूत कमी! खोली गुण्यात नाही, भिंत वाकडी उतरली आहे, तेव्हा बाकी अडवावी लागेल, असे त्यांचे म्हणणे.

अण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, दुसरा तिरका धरून बघा. समोरासमोरच्या भिंती सारख्या आहेत, दोन्ही तिरके सारखे आले की खोली गुण्यात. आणि फुटाला सतरा खरंच, पण दहा फुटाला दोन सूत सोडायचे असतात. आमच्या वस्तादानं तसंच शिकवलंय."

"का सोडायचे?" मालकांनी विचारले.

अण्णांजवळ याचे उत्तर नव्हते. तीस वर्षांत शंभर खोल्यांचे काटकोन ज्यांनी उभे केले ते माझे वडील 'का' या एका अक्षरापुढे गप्प उभे होते. मालक म्हणत होते, "नियम म्हणजे नियम. ते दोन सूत गेले कुठे?"

दुसरा कर्णही टेपने मोजला. तोही अगदी तेवढाच भरला. मी कोपऱ्यातल्या कच्च्या गिलाव्यावर पेन्सिलीने मांडले: २ चे वर्गमूळ १.४१४२, दहा फुटांना १४.१४२ फूट. वरचे ०.१४२ गुणिले बारा, म्हणजे १.७ इंच. ०.७ इंचाचे सूत केले तर साडेपाचाच्या किंचित वर. म्हणजे चौदा फूट, एक इंच, साडेपाच सूत. मालकांनी मोबाइल काढून स्वतः वर्गमूळ दाबले, आकडा पाहिला, टेप पाहिला आणि टेप गुंडाळला. बाकी पुढच्या बाजाराच्या दिवशी मिळाली. ते दोन सूत कुठे गेले नव्हते. ते कधी नव्हतेच. सतरा हा हाताला सोयीचा आकडा, आणि त्या आकड्याची उणीव माणसाच्या कामावर लादली जात होती.

रात्री अण्णांनी विचारले, "मग नेमकं किती ते? फुटाला सतरा नाही, तर किती? एकदाच सांग, म्हणजे पुन्हा कुणाशी वाद नको."

मला सांगावे लागले की तसा अपूर्णांक कुणालाच सांगता येत नाही. ते हसले. "एवढ्या शाळा झाल्या आणि एका चौकोनाचा तिरका सांगता येत नाही?" मग मी त्यांना जे सांगितले ते येथेही सांगते, कारण त्याला पाढ्यांपलीकडे काही लागत नाही.

समजा, असा एक अपूर्णांक आहे की ज्याचा वर्ग बरोबर २ येतो. त्याला भाग जाईल तितका देऊन अतिसंक्षिप्त रूप द्या, म्हणजे अंश आणि छेद या दोघांनाही भाग जाईल अशी एकाखेरीज दुसरी संख्या उरणार नाही. आता अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट असला पाहिजे. कोणत्याही पूर्ण संख्येच्या वर्गाचा शेवटचा अंक पाहा. तो ०, १, ४, ५, ६, ९ यांपैकीच असतो. २, ३, ७, ८ कधीच नसतो. वर्गाची दुप्पट केली तर शेवटी ०, २ किंवा ८ येतो. दोन्ही याद्यांत सामाईक अंक एकच, शून्य. म्हणजे अंशाचा वर्ग शून्याने संपला पाहिजे, म्हणून अंशही शून्याने संपतो. छेदाच्या वर्गाची दुप्पट शून्याने संपायची तर छेदाच्या शेवटी ० किंवा ५ हवा. पण मग दोघांनाही ५ ने भाग जातो! आपण तर भाग जाणार नाही असे रूप आधीच घेतले होते. तेव्हा असा अपूर्णांक नाहीच. अजून सापडलेला नाही असे नव्हे. असणे शक्यच नाही.

अण्णांनी बोटांवर एक ते नऊचे वर्ग केले, शेवटचे अंक ताडून पाहिले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मी त्यांना त्यांचाच सतरा दाखवला. १७ चा वर्ग २८९. १२ चा वर्ग १४४, त्याची दुप्पट २८८. एकाचाच फरक. "म्हणजे एक उरतोच," ते म्हणाले. "मग मिस्त्री लोकांनी करायचं काय?" मी म्हटले, "दहा फुटाला दोन सूत सोडायचे."

ही गोष्ट मी कदाचित विसरूनही गेले असते. पण गेल्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयात प्राचीन भारताच्या इतिहासाचे पुस्तक चाळताना शुल्बसूत्रांचा उल्लेख आला. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाच्या वेदी विटांनी कशा रचाव्या, दोरी ताणून काटकोन कसा काढावा, याचे हे नियम इसवी सनापूर्वी कित्येक शतके रचलेले. बौधायनाच्या सूत्रात चौरसाच्या कर्णाचे माप असे दिले आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा, आणि त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करावा. मी बाजू एक फूट धरली. बारा इंच, अधिक चार, अधिक एक. सतरा! आणि मग एका इंचाचा चौतिसावा भाग वजा. दहा फुटांना तो किती होतो? दहा चौतिसांश इंच, म्हणजे दोन सूत आणि थोडे वर. अण्णांच्या वस्तादाचे 'सोडायचे' ते हेच.

अण्णांच्या वस्तादाने बौधायन वाचला होता असे मी म्हणत नाही. भिंत उभारणाऱ्याला भिंतच पुष्कळ शिकवते. पण वेदीची दोरी कोणाच्या हातात होती आणि विटा कोणी भाजल्या हे सूत्रात लिहिलेले नाही, आणि इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून ते मला खटकते. बौधायनाच्या या मापाचा अपूर्णांक केला तर ५७७ वर आणि ४०८ खाली येतात. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. येथेही एक उरतोच! या मापाला तेथे 'सविशेष' असे नाव आहे. ही संख्या अपूर्णांकात बसणारच नाही याची सिद्धता मात्र शुल्बसूत्रांत नाही. ती ग्रीकांकडे मिळते. सम आणि विषम संख्यांवर आधारलेल्या त्या युक्तिवादाचा उल्लेख ॲरिस्टॉटलनेही केला आहे. आणि ज्या करणीला आमचा वर्ग हसला, तो शब्दही याच सूत्रांतला. दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करून देणारी ती 'द्विकरणी', म्हणजेच आपला कर्ण. पुढे भास्कराचार्यांनी बीजगणितात करणींची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार असे सारे व्यवहार सांगितले.

हे व्यवहार मोठे गमतीचे आहेत. दोन परिमेय संख्या मिळवा, गुणा, उत्तर परिमेयच. परिमेयात अपरिमेय मिळवली की उत्तर अपरिमेय. पण दोन अपरिमेय एकत्र आल्या तर काय होईल ते आधी सांगता येत नाही. २ च्या वर्गमूळाला त्यानेच गुणले की स्वच्छ २. २ आणि ८ यांच्या वर्गमूळांचा गुणाकार ४. वरच्या रूपावरूनही जात ओळखता येत नाही. ९ चे वर्गमूळ करणीचा वेष घेऊन येते आणि निघते ३. उलट ०.१०१००१०००१… यात दर खेपेला एक शून्य वाढते. नियम इतका सरळ, तरी फेर धरला जात नाही, म्हणून ती अपरिमेय. आणि शाळेत आपण 'पाय'च्या जागी बावीस सप्तमांश लिहितो, पण बावीस सप्तमांश परिमेय आहे आणि पाय अपरिमेय, हे लँबर्टने १७६१ मध्ये सिद्ध केले. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ सांगितला आणि त्याला 'आसन्न' म्हटले. आसन्न म्हणजे जवळचे. एवढे बारीक माप काढूनही त्याने ते 'जवळचे' म्हणून सांगितले, याचे मला फार कौतुक वाटते.

इंग्रजीत या संख्यांना 'इरॅशनल' म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ विवेकशून्य असा होतो. आपला 'अपरिमेय' हा शब्द मला अधिक न्यायी वाटतो. दोष संख्येचा नाही, मापाची पट्टी तिला पुरत नाही, एवढेच तो सांगतो. खोलीच्या जमिनीवर तो कर्ण एका रेघेत पुरा काढता येतो. त्याला सांगता येत नाही म्हणून तो वाकडा ठरत नाही.

अण्णांसारख्या माणसांना पुष्कळदा असेच जोखले जाते. काम समोर उभे असते, पण 'का' याचे उत्तर देता आले नाही की कामच खोटे ठरवले जाते. ते 'का' सांगायला शिकणे, मला वाटते, याचसाठी मला घराने कॉलेजात पाठवले आहे. गणितातून सुटलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती, की एखाद्या रिकाम्या तासाला वहीच्या मागच्या पानावर एक चौरस काढा, त्याचा कर्ण जोडा, आणि शेवटच्या अंकांची ती सिद्धता स्वतः करून पाहा. फी लागत नाही. एक ते नऊचे वर्ग आले म्हणजे पुरे.