५ वरचा उंचवटा

आमच्या दादींची नजर गेली, तेव्हा घरातला कॉर्डलेस फोन आम्ही त्यांच्या बोटांना शिकवला. 'हिरवं बटण दाबा' म्हणून भागत नाही. रंग नव्हे, जागा सांगावी लागते. बहुतेक फोनवर ५ च्या बटणावर बारीक उंचवटा असतो. तिथून वर २, खाली ८. डावीकडे ४, उजवीकडे ६. वरच्या कोपऱ्यांत १ आणि ३, खाली ७ आणि ९. आठाखाली शून्य, त्याच्या डावीकडे स्टार, उजवीकडे हॅश. फोन उचलण्याचं बटण मात्र प्रत्येक फोनवर वेगळ्या जागी; ते हात धरूनच दाखवावं. आता फुफीशी बोलायला दादी कुणाची वाट पाहत नाहीत. फोन लावून देणं ही खिदमत खरी, पण लेकीशी एकांतात बोलता येणं हा आईचा हक्क आहे.