तेरची भाजलेली माती

धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. त्याच्या कितीतरी आधी रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले तगर. कुंभाराची कीर्ती इथल्या मातीलाच लाभली असावी! येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मृण्मूर्ती पाहावयास मिळतात. त्यांतल्या कित्येक पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांतून काढून जोडलेल्या, आतून पोकळ.

भंगलेली मूर्ती हाती आली की आपण आधी चेहरा पाहतो. जाणकार तुटलेली कड पाहतो. मातीचा पोत, साच्यांचा सांधा तिथेच उघडा पडतो. वर काचेसारखी झिलई असेल, तर सातवाहनांचे नाव घेण्यापूर्वी दहादा विचार करावा. शिवाय पांढरीच्या कोणत्या थरातून ती निघाली, हे ठाऊक नसेल तर शतक सांगायचे कशावरून? बाजारात किंमत मात्र शाबूत नाकाचीच होते. आणि त्या मोडक्या तुकड्याच्या पोकळीत कधीकधी, साच्यात माती दाबणाऱ्या बोटांचे ठसे अजून स्पष्ट दिसतात.