होडीला रंग किती लागतो?

गणिताचा तास समुद्रकिनाऱ्यावर भरला तर? रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैला गेलात तर नक्की भरेल! दापोलीहून एस.टी.त बसा, उतरलात की समोर समुद्र, आणि समुद्रात उभा सुवर्णदुर्ग. एके काळी इथे आंग्र्यांच्या आरमाराची शिडाची गलबतं असत. १७५५ साली हा किल्ला आंग्र्यांच्या हातून गेला.

आता बहुतेक होड्यांना इंजिन असतं, शिडाची होडी क्वचितच दिसते. पण दोघींचं अंग लाकडाचं असेल, तर दुखणं एकच. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक प्राणी असतो. दिसतो अळीसारखा, पण असतो चक्क शिंपल्यांचा भाऊबंद! फळीला तो आतून चाळणी करून टाकतो. म्हणून पूर्वी कोळी लोक होडीला माशाचं तेल चोपडत, तळाला चुना आणि तेल लावत. आता रंग लावतात.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या ओढून किनाऱ्यावर किंवा खाडीत ठेवतात. नारळी पौर्णिमा जवळ आली की डागडुजीची लगबग सुरू होते. पण रंग ओल्या लाकडावर धरत नाही, फुगून पापुद्रे निघतात. त्यामुळे पावसाने उघडीप दिली, लाकूड सुकलं, की लगेच कामाला लागायचं. त्यात निम्म्यावर रंग संपला तर? बाजारात जाऊन येईपर्यंत पुन्हा सर यायची. नवा डबा आणला तरी छटा जुळेलच असं नाही. बरं, जास्त आणला तर पैसे अडकले, आणि उरलेल्या रंगावर साय धरते. म्हणून अंदाज नेमका हवा.

माझ्या चौथीच्या मुलांना तिथे एका काकांनी विचारलं, "सांगा बघू, रंग किती आणू?"

"लांबी गुणिले रुंदी!" एकजण पटकन म्हणाला.

काका हसले. "अरे पोरा, होडी म्हंजे काय पाट हाय?"

खरंच की! होडीचं पोट गोल, नाळ निमुळती. काकांनी सुतळी काढली. होडी ६ मीटर लांब होती. तिचे त्यांनी एकेक मीटरचे ६ भाग केले. प्रत्येक भागाच्या मध्यावर एका काठापासून पोटाखालून दुसऱ्या काठापर्यंत सुतळी ताणली. मापं आली १.४, २.४, ३, ३, २.५ आणि १.७ मीटर. बेरीज करा बरं. १४ ना? प्रत्येक भाग १ मीटर रुंद, म्हणजे बाहेरचं क्षेत्रफळ झालं सुमारे १४ चौरस मीटर.

आता रंगाचा डबा बघा. एका लिटरमध्ये किती चौरस मीटर रंगतात, ते बहुधा त्यावर लिहिलेलं असतं. आपण १० धरू. हात द्यायचे दोन. म्हणजे १४ × २ = २८ चौरस मीटर, आणि २८ ÷ १० = २.८ लिटर. पण होडीला बाक असतो, थोडा रंग सांडतो, ब्रशातही राहतो. त्यासाठी दहावा हिस्सा वर धरला, की झाले ३.०८ लिटर. एकेका लिटरचे ३ डबे आणि एक २०० मिलिलिटरचा छोटा डबा आणला, की काम झालं!

तळाला वेगळा आणि वर वेगळा रंग हवा असेल तर? सुतळी ताणताना पाण्याची रेघ जिथे येते तिथे गाठ मारा आणि दोन्ही भाग वेगळे मोजा. आतली बाजू, वल्ही आणि डोलकाठी यांचा हिशोब निराळा. लाकूड जुनं आणि खरखरीत असेल तर ते पहिल्या हाताला जास्त रंग पितं, हेही ध्यानात ठेवा.

सुतळीची ही युक्ती घरीही करता येते. माठ घ्या, नाहीतर कलिंगड घ्या. आधी डोळ्यांनी अंदाज करून वहीत लिहा, मग सुतळीने मोजा. दोन्हींत किती फरक पडला, ते आईबाबांना दाखवा. आणि हर्णैला गेलात, तर रंग ओला असताना होडीला हात लावू नका बरं का! त्या रंगाच्या भरवशावर एक घर वर्षभर समुद्रात जाणार असतं.