चार-आठचं टेबल

पोकर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो काळा गॉगल लावलेला माणूस, सगळ्या चिप्स पुढे ढकलून ‘ऑल इन’ म्हणणारा. आमच्या टेबलावर तशी सोयच नव्हती. खेळाचं नाव चार-आठ लिमिट होल्डम. पहिल्या दोन फेऱ्यांत बेट चार डॉलरची, पुढच्या दोन फेऱ्यांत आठची. हातात एक्क्यांची जोडी असो की निव्वळ थापा, रक्कम तेवढीच. शंभर डॉलर घेऊन बसलं की एक संध्याकाळ जाते.

सॅन होजेमध्ये पत्त्यांचे असे दोन क्लब आहेत, बे १०१ आणि कसिनो मॅट्रिक्स. कॅलिफोर्नियात या जागांना कार्ड रूम म्हणतात. गोव्यात मांडवीतल्या बोटींवर रूलेट खेळताना तुम्ही कसिनोविरुद्ध खेळता. कार्ड रूमला कायद्याने तसं खेळता येत नाही. टेबल, डीलर आणि पत्ते त्यांचे, पैसे आपापसात आपले. त्याबदल्यात प्रत्येक हातामागे ठरलेली रक्कम पॉटमधून काढून ते टेबलाच्या फटीत टाकतात. त्याला ‘ड्रॉप’ म्हणतात.

मी नोकरी करायचो त्या ऑफिसपासून क्लब वीस मिनिटांवर होता. शुक्रवारी रात्री जायचो. टेबलावर नऊ माणसं. त्यातली दोन-तीन ठरलेली: एक व्हिएतनामी आजी, रात्रपाळी संपवून येणारी एक फिलिपिनो नर्स, एक निवृत्त मेकॅनिक. कोणी कोणाचं आडनाव विचारत नसे. आजींना मी मनातल्या मनात आजीच म्हणायचो. त्या मला ‘बेबी’ म्हणायच्या.

सुट्टीत मामाकडे मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन खेळून मोठा झालेला मी. तिथे कोणते पत्ते पडले हे ज्याच्या लक्षात राहतं तो जिंकतो. होल्डममध्ये लक्षात ठेवायला जवळपास काहीच नाही. दोन पत्ते तुमचे, पाच सगळ्यांचे, आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न: आत्ता हे पैसे घालणं परवडतं का?

समजा तुमच्याकडे चार बदाम जमलेत आणि शेवटचा पत्ता यायचाय. न पाहिलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९. म्हणजे साधारण पाचात एकदा काम होणार. पॉटमध्ये ६० डॉलर आहेत आणि राहायला ८ लागतात. चार वेळा ८ घालवायचे आणि एकदा ६० मिळवायचे, हा सौदा चांगला आहे. घालायचेच. म्हणजे असा निर्णय, जो पाचापैकी चार वेळा हरतो आणि तरी बरोबर असतो.

हे वाचायला सोपं आहे. चौथ्यांदा किलवरची दुर्री पडते तेव्हा पोटाला पटत नाही.

एक्क्यांचंही तसंच. दोन एक्के २२१ हातांत एकदा मिळतात. तासाला तीसेक हात होतात, म्हणजे सरासरी सात तासांनी एकदा. समोर कसेही पत्ते घेतलेला एकच गडी असेल तर ते ८५ टक्के वेळा जिंकतात. पण चार-आठला कोणी पत्ते टाकतच नाही, चार डॉलरसाठी कोण घाबरणार? तसेच पाच जण शेवटपर्यंत राहिले तर तेच एक्के निम्म्याच वेळा जिंकतात. एकदा माझ्या एक्क्यांसमोर आजींकडे सत्त्यांची जोडी होती. शेवटचा पत्ता सत्ती. त्यांनी पॉट ओढून घेतला, माझ्या मनगटावर थोपटलं आणि म्हणाल्या, ‘‘सॉरी, बेबी.’’ त्यांनी काही वाईट केलं नव्हतं आणि मीही काही वाईट खेळलो नव्हतो. डीलर पुढचे पत्ते पिसायला लागला होता.

मी हिशेब ठेवायचो, इंजिनिअरला दुसरं काय जमतं? अकरा महिने, १४६ तास, एकूण तोटा ६१२ डॉलर. तासाला चारेक डॉलर. पण आमच्या टेबलावर ड्रॉप हातामागे ५ डॉलर होता. तासाला तीस हात म्हणजे १५० डॉलर फटीत. शिवाय जिंकणारा डीलरला एक डॉलर टिप देतो. नऊ जणांत वाटलं तर माणशी तासाला वीस डॉलर होतात. म्हणजे बाकी आठ जणांशी मी तासाला पंधरा-सोळा डॉलरनी सरस होतो आणि तरी हरत होतो. ते टेबल वर्षभर बघा: कोणी कधी जिंकतं, कोणी हरतं, फट मात्र दर हाताला जिंकते.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘अरे, पैसे लावून? म्हणजे जुगारच की.’’ मी म्हटलं, ‘‘आई, सिनेमा आणि जेवणाला जातात तेवढेच जातात.’’ तिला ते पटलं नाही. पण मी ज्या खऱ्या जुगारात बसलो होतो, त्यासाठी ती दर मंगळवारी गणपतीला जात होती.

अमेरिकेत मास्टर्स केलं की ओपीटीवर नोकरी करता येते. आमच्यासारख्या शाखांना एकूण तीन वर्षं. तेवढ्या काळात एच-वन-बी मिळायला हवा. तो लॉटरीने मिळतो. वर्षाला ८५ हजार जागा, त्यातल्या २० हजार तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी. मार्चमध्ये कंपनी नाव नोंदवते, कॉम्प्युटर नावं काढतो. माझ्या वाट्याला तीन मार्च आले: २०२२, २०२३, २०२४. शेवटच्या वर्षी पात्र नोंदण्या ४ लाख ७० हजार होत्या आणि दोन फेऱ्या मिळून निवडल्या गेल्या १ लाख ३५ हजार. आधीची दोन वर्षंही चारात एकच्या आसपासची. सगळे अर्ज सारखे धरले तर तिन्ही वेळा नाव न येण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या जवळ जाते. मास्टर्समुळे माझी थोडी कमी. पण इथे पत्ते टाकता येत नव्हते, वाढवता येत नव्हतं, समोरच्याकडे बघून अंदाजही करता येत नव्हता. नाव नोंदवायचं आणि बसायचं.

माझा रूममेट नाशिकचा. तेच कॉलेज, तीच डिग्री, जवळपास तोच पगार. पहिल्याच मार्चमध्ये त्याचं नाव आलं. तो दोन दिवस माझ्यासमोर नीट हसलाही नाही. मग मीच म्हटलं, ‘‘लेका, पेढे आण की.’’ हे मोठ्या मनाने म्हटलं असं नाही. तेव्हा माझ्याकडे अजून दोन मार्च होते. तिसऱ्यानंतर म्हणता आलं असतं का, सांगता येत नाही. पण त्याच्यावर राग कधी आला नाही. आजींवर तरी कुठे आला होता? ज्याला सत्ती लागते त्याने ती चोरलेली नसते.

तिसऱ्या वर्षी एप्रिल उजाडला तरी माझ्या नावापुढे ‘सबमिटेड’ एवढंच होतं. निवड झाली असती तर ‘सिलेक्टेड’ आलं असतं. ‘सबमिटेड’चा अर्थ नाही असाही नसतो, पुढची फेरी होऊ शकते. मी जुलैपर्यंत वाट पाहिली. मग गाडी विकली, गादी रूममेटला दिली आणि पुण्याला आलो. आता त्याच प्रकारचं काम बाणेरमधून करतो.

आल्यावर पहिल्या आठवड्यात नातेवाईक भेटून गेले. प्रत्येकाकडे एक कारण तयार होतं. मोठी कंपनी धरायला हवी होती, पीएचडी करायला हवी होती, कॅनडाला जायला हवं होतं. सगळे गेल्यावर कप विसळता विसळता आईने विचारलं, ‘‘खरं सांग, तुझं नक्की काय चुकलं?’’

‘‘काही नाही चुकलं, आई.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. चूक सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं. चूक पुढच्या वेळी सुधारता येते. मी तिच्या हातातला कप घेऊन पुसला आणि फळीवर ठेवला.