खऱ्या कामाची वही

रविवार. आम्ही दोघी मटार सोलायला बसलो होतो. लेक आठ वर्षांची, मन लावून शेंगा फोडत होती. मी विचारलं, "एका शेंगेत सहा दाणे, तर बारा शेंगांत किती?" तिने हातातली शेंग परातीत ठेवली आणि उठून गेली. तिला मटार सोलायचे होते, मी मध्येच परीक्षा काढली. त्या दिवशी ठरवलं : कामाचा बहाणा करून धडा घ्यायचा नाही. काम खरं असलं, घराला त्याची गरज असली, की प्रश्न तिचे तिलाच पडतात.

*

विजेचं बिल जास्त आलं. तिलाच म्हटलं, "बघतेस का, एवढी वीज जाते कुठे?" आता रोज संध्याकाळी ती जिन्याखालच्या मीटरचा आकडा वहीत उतरवून आणते. चौथ्या दिवशी धावत वर आली. गिझर चालू असला की मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकतो, बंद केला की सावकाश! मग घरातल्या प्रत्येक वस्तूवरचे वॉट वाचून झाले. हजार वॉटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट. दहा वॉटचा बल्ब तेवढ्याच विजेवर १०० तास जळतो. हा हिशेब तिच्या बाबांनी मांडून दाखवला, तोही तिने विचारल्यावर. बाथरूमच्या दारावर सध्या तिच्या अक्षरातली चिठ्ठी आहे : 'गिझर १० मिनिटेच.'

*

मंडई. पिशवी तिच्या हातात, १०० रुपये तिच्या मुठीत. तोंडली पाऊण किलो घ्यायची होती. भाजीवाल्या मावशींकडे अजून तराजू आहे. त्यांनी अर्ध्या किलोचं वजन ठेवलं, त्यावर दोनशेचं, त्यावर पन्नासचं. लेक ओठांतल्या ओठांत बेरीज करत होती.

वाटेत म्हणाली, "पाऊण असं का म्हणायचं?" घरी शब्दकोश काढला. पाऊणमधला 'ऊन' म्हणजे कमी, उणा. पावाने उणा तो पाऊण. मी कणीक मळायला घेतली, तेवढ्यात आतून आरोळी आली : "आई, म्हणजे एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस!" मग एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. दुसरीत याच आकड्यांपायी तिने डोळ्यांत पाणी आणलं होतं. आज ती त्यांची नावं ओळखीच्या माणसांसारखी घेत होती. नव्याण्णवपाशी मात्र अडली. ते एकोणशंभर का नाही? तो प्रश्न वहीत लिहून ठेवला आहे. मलाही तो कधी पडला नव्हता.

*

दही लावायचं काम आता तिचं. एकदा लागलं नाही, तर रुसली. दुसऱ्या रात्री तिनेच तीन वाट्या मांडल्या : एकीत कढत दूध, एकीत कोमट, एकीत फ्रिजमधलं गार. तिन्हींत चमचा चमचा विरजण. गारवाली वाटी पुन्हा फ्रिजमध्ये. सकाळी दही फक्त कोमट वाटीत. विरजणातले जिवाणू फार उष्णतेने मरतात आणि थंडीत सुस्तावतात, एवढं मी सांगितलं. त्यावर तिचा प्रश्न : "मग जगातलं पहिलं विरजण कुठून आणलं?"

आजीला फोन. आजी म्हणाली, विरजण नसलं की आम्ही कोमट दुधात मिरचीचे देठ टाकायचो. आम्हीही टाकले. दही सैलसर झालं, पण झालं. देठांवरही तसे जिवाणू असावेत, असं त्या वाटीने आमच्यापुढे ठेवलं.

*

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण या दिवसांत सारखी येते. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं, १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेपर्यंत येत नव्हती, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. महागडी साधनं नव्हती. बिया, शंख-शिंपले, खडे, पानं हीच साधनं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली, गुरं चरतात तिथेच. मूल कामातून उठवून आणायचं नाही, ते जिथे आहे तिथे आपण जायचं. माझ्या मटारच्या परातीला हे तेव्हा कळायला हवं होतं.

*

संकष्टी. जेवण चंद्रोदयानंतर, म्हणून वेळ बघायचं काम तिच्याकडे. दिनदर्शिकेत गावोगावच्या वेळा छापलेल्या असतात. तिने आमच्या पुण्याची शोधली, मग मामा राहतो म्हणून नागपूरचीही. नागपूरचा चंद्र वीसेक मिनिटं आधी! "आपलाच चंद्र ना तो?"

पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. नागपूर पुण्याच्या पूर्वेला पाचेक अंशांवर. नकाशा काढून हे लगेच सांगावं, असं फार वाटलं. सांगितलं नाही. नकाशा नुसता टेबलावर उघडून ठेवला.

तिने बराच वेळ त्यावर बोट फिरवलं. मग फोन उचलला. "मामा, गच्चीत जाऊन बघ, तुझ्याकडे उगवला असेल. आमच्याकडे यायला त्याला अजून वेळ आहे." पलीकडे मामा चपला घालत असल्याचा आवाज आला. ती फोन कानाला लावून आमच्या गॅलरीत उभी राहिली, पूर्वेकडे तोंड करून.

ताटं मी अजून मांडली नाहीत.